झिजलेल्या चांदीचे दहा महिने : बस्ट हाफ डॉलर जमवताना आणि ग्रेड करून घेताना

श्रेणी (ग्रेड) लावून घ्यायला पाठवलेल्या सहा नाण्यांचं पार्सल २२ जुलै २०२४ ला परत आलं. पाठवल्यापासून ७७ दिवस झाले होते. आधीची शोधाशोध, चुकीची खरेदी आणि वजनकाट्यासमोरच्या संध्याकाळी धरल्या तर ऑक्टोबर २०२३ पासूनचे दहा महिने. हे सगळं सुरू करताना मराठीत वाचायला काही मिळालं नव्हतं, म्हणून क्रमाने लिहून ठेवतो. खर्चही लिहितो, कारण तो कुणी आधी सांगत नाही.

नाणी एकाच जातीची : फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १८०७ ते १८३६ या काळात पाडलेला, कडेवर अक्षरं असलेला अर्ध्या डॉलरचा कॅप्ड बस्ट, म्हणजे टोपीवाल्या अर्धाकृतीचा, प्रकार. डिझाइन जॉन राइकचं. छाप्यावर टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवी, डावीकडे सात तारे, उजवीकडे सहा. काट्यावर गरुड, वर ‘ई प्लुरिबस युनम’, खाली ‘५० सी.’. व्यास ३२.५ मिलिमीटरच्या आसपास, वजन २०८ ग्रेन म्हणजे १३.४८ ग्रॅम, चांदी ८९.२४ टक्के, बाकी तांबं. आपल्या जुन्या रुपयाशी ताडून बघायचं तर तो तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. हे त्याहून चांगलंच जड.

याच्या आधीची चांदी, म्हणजे १७९४-९५ ची मोकळ्या केसांची आणि १७९६ पासूनची ड्रेप्ड बस्ट नाणी, पार गुळगुळीत झालेली असली तरी खिसा हलका करतात. कॅप्ड बस्ट त्या मानाने परवडतं, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत १८०४ नंतर १८३५ पर्यंत चांदीचा डॉलर चलनासाठी पाडलाच जात नव्हता. मोठ्या व्यवहारांना अर्धा डॉलर हेच सगळ्यात मोठं देशी चांदीचं नाणं होतं. पोत्यांत भरून ते या बँकेतून त्या बँकेत जायचं आणि तिजोरीत पडून राहायचं. बाजारातली रोजची देवघेव स्पॅनिश चांदीवर चालायची; ती १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती. परिणाम असा की ही नाणी मध्यम झिजलेल्या अवस्थेत मुबलक मिळतात, आणि प्रामाणिकपणे झिजून झिजून पार चोपडी झालेली शोधावी लागतात. मला नेमकी तीच हवी होती.

ऑक्टोबरमध्ये एकही नाणं न घेता आधी हत्यारं जमवली. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, ५ पट आणि १० पट अशी दोन भिंगं, व्हर्नियर कॅलिपर, वाकवता येणाऱ्या मानेचा टेबल लॅम्प, पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटांचं एक पुडकं. सगळे मिळून ९४ डॉलर. भिंगावर पैसे वाचवू नका, काट्यावर वाचवले तरी चालतं. काट्यासोबत १० किंवा २० ग्रॅमचं प्रमाणवजन मात्र घ्या आणि दर वेळी आधी ते ठेवून बघा. बॅटरी उतरली की काटा बिनदिक्कत खोटं बोलतो. महिनाभर रोज अर्धा तास, नाण्यांना श्रेणी लावणाऱ्या पीसीजीएस कंपनीच्या फोटोग्रेड या ऑनलाइन चित्रसंग्रहात एकाच प्रकारची चित्रं खालून वर आणि वरून खाली बघितली. फुकट आहे, आणि डोळा तयार व्हायला याहून सोपा मार्ग मला सापडला नाही.

नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीहून गाडीने बाल्टिमोरच्या नाणे-प्रदर्शनाला गेलो. तिथले शिरस्ते माहीत नसले की अवघडल्यासारखं होतं, म्हणून सांगतो. नाणं मागून घ्यायचं, स्वतः ट्रेमधून उचलायचं नाही. धरायचं ते कडेनं, आणि टेबलाच्या वर दोन-तीन इंचांवर, खाली मऊ कापड ठेवून. एका वेळी एकच नाणं हातात. किंमत पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलेली असते. ‘रोख दिले तर कितीला द्याल?’ हा प्रश्न एकदाच विचारायचा. उत्तर पटलं नाही तर आभार मानून पुढे जायचं. भाजीबाजारातली घासाघीस इथे शोभत नाही आणि चालतही नाही.

पहिलं नाणं घेतलं १८३१ चं, ११० डॉलरला. १८३१ ला ५८,७३,६६० नाणी पडली होती, म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही. त्याचा रंग मात्र बघण्यासारखा होता. गाल, टोपी आणि बटांचे उंचवटे फिक्या राखाडी रंगाचे. ताऱ्यांच्या कोपऱ्यांत, अक्षरांच्या पोटात आणि केसांच्या खाचांत जवळजवळ काळी पडलेली चांदी. हात लागून लागून उंच भाग घासत राहतो आणि खोलगट भागात मळ आणि काळिमा साचत जातो. असा उजेड-अंधाराचा फरक हे खऱ्या वापराचं लक्षण. आपल्याकडे देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन दंतमंजनानं लख्ख करायची हाताला सवय असते. ती सवय या छंदात दाराबाहेर ठेवायची.

हे कळूनही डिसेंबरमध्ये फसलो. ऑनलाइन लिलावात १८२७ चं एक नाणं घेतलं, १२८ डॉलर अधिक टपाल. फोटोत पांढरंशुभ्र दिसत होतं आणि तपशील छान होते. हातात आल्यावर लॅम्पखाली तिरकं धरून हळूहळू फिरवलं. गालावरून मोकळ्या जागेपर्यंत, तिथून ताऱ्यांवरून थेट कडेपर्यंत, एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा उजळल्या. खऱ्या वापरातले ओरखडे दहा दिशांना जातात. फडक्यानं घासलेल्या रेषा समांतर असतात. शिवाय खाचांतली काळी चांदी गायब. वीस वर्षं खिशांत फिरलेलं नाणं पांढरं असूच शकत नाही, हे साधं गणित खरेदीच्या घाईत सुचलं नाही. फोटो समोरून घेतलेला असेल तर या रेषा दिसत नाहीत. आता मी तिरक्या उजेडातला फोटो मागतो, आणि मिळाला नाही तर बोली लावत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीचा बराचसा वेळ स्वतः ग्रेड लावायला शिकण्यात गेला. हा सगळ्यात रसाळ भाग, म्हणून थोडं थांबून सांगतो.

श्रेणी १ ते ७० या मोजपट्टीवर लावतात. ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडली होती, पुढे सगळ्याच नाण्यांना लागू झाली. आपल्या कामाचा भाग तळाचा : पुअर-१, फेअर-२, अबाउट गुड-३, गुड-४ आणि ६, व्हेरी गुड-८ आणि १०, फाइन-१२ आणि १५, मग व्हेरी फाइन २० पासून पुढे. नावांना फसू नका. ‘गुड’ नाणं खरं तर जेमतेम उरलेलं असतं.

नवशिका आधी टोपीच्या पट्टीवरचं ‘लिबर्टी’ वाचायला जातो. मीही तेच केलं. पण बस्ट हाफमध्ये ते अक्षर मुळातच कच्चं उमटलेलं असू शकतं, त्यामुळे फक्त त्यावर विसंबलं की गफलत होते. नजर खांद्यावर न्या. तिथे वस्त्राला अडकवलेलं एक छोटं बक्कल आहे आणि त्याच्या लगेच वर केसांची एक बट. गुड-४ मध्ये आकृतीची बाह्यरेषा स्पष्ट, आत सपाट. साल आणि अक्षरं वाचता येतात. व्हेरी गुड-८ मध्ये ‘लिबर्टी’ पुसट का होईना दिसतं, बक्कल ओळखू येतं, वरची बट जवळजवळ गुळगुळीत. फाइन-१२ मध्ये बक्कल आणि बट दोघांचीही कड स्वच्छ, आत थोडा तपशील. व्हेरी फाइन-२० मध्ये बक्कल नीट, बटेच्या फक्त सर्वोच्च बिंदूवर झीज, आणि भुवईवरचे केस वेगळे काढता येतात. गुडच्या खाली उतरलं की कडेकडे बघायचं : काठाची उंची अक्षरांत मिसळायला लागली की अबाउट गुड-३. सालच कष्टानं लागत असेल तर आणखी खाली.

आता खरी मेख. १८३६ मध्ये वाफेचं यंत्र येईपर्यंत ही नाणी हातानं फिरवायच्या स्क्रू प्रेसवर पाडली जात. दाब दर वेळी सारखा नसे, ठसे झिजलेले असत. त्यामुळे नवं कोरं नाणंसुद्धा एखाद्या ठिकाणी बोथट निघे. बक्कल सपाट दिसलं तर ते झिजून सपाट झालं की जन्मतःच तसं होतं? नाणं उलटा आणि बरोबर त्याच जागेची मागची बाजू बघा. ठशाचा दाब कमी पडला असेल तर दोन्ही बाजू तिथे एकत्र कच्च्या असतात, कारण धातू दोन्हीकडे पुरेसा भरलाच नाही. झीज मात्र उंचवट्यांवर सगळीकडे सारखी पसरते. गाल आणि टोपीची घडी चांगली असून फक्त बक्कल आणि त्यामागचा भाग पुसट असेल, तर श्रेणी वर न्यायला हरकत नाही. हे समजेपर्यंत मी स्वतःच्या तीन नाण्यांना एकेक पायरी खाली लावून बसलो होतो.

नाण्यावर समांतर रेघा दिसल्या म्हणून दर वेळी दचकू नका. १७९० च्या दशकातल्या नाण्यांवर टांकसाळीतच जड चकती कानशीनं घासून वजन बरोबर केल्याच्या खुणा असतात. त्या नक्षीच्या खालून जातात, वरून नाही. त्यांना दोष धरत नाहीत, किंमत मात्र थोडी पडते.

फेब्रुवारीत तीन नाण्यांचा एक गट घेतला, एकूण २१० डॉलर. त्यातलं १८३३ चं नाणं काट्यावर ११.६२ ग्रॅम भरलं. जवळजवळ तोळाभर. झीज कितीही असली तरी इतकं वजन जात नाही. माझं सगळ्यात गुळगुळीत खरं नाणं १२.९४ ग्रॅमचं आहे. मग पाण्यातली चाचणी केली, आणि ही कृती प्रत्येकानं शिकावी. काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा छोटा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं लटकवायचं. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. खऱ्या १८३१ चं गणित : १३.२१ भागिले १.२८, म्हणजे १०.३. चांदी-तांब्याच्या या मिश्रणाला हेच यायला हवं. संशयिताचं : ११.६२ भागिले १.३६, म्हणजे साधारण ८.५. हे जर्मन सिल्व्हरचं, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाचं लक्षण. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा बिघडतो, तेव्हा आधी पाण्यात हलकेच हलवून घ्या. नंतर पुसायचं नाही, मऊ कापडावर ठेवून आपोआप वाळू द्यायचं.

भिंगाखाली उंचवट्यांवर पिवळसर झाक होती आणि कडेवरची ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ ही अक्षरं एकमेकांत गेलेली. खऱ्या नाण्याची कड पाडण्याआधीच वेगळ्या यंत्रात दोन पट्ट्यांमध्ये फिरवून उमटवत, त्यामुळे अक्षरं कधी अपुरी किंवा एकावर एक आलेली दिसतात, पण कुठेही वितळलेली वाटत नाहीत. म्हणजे हे त्या काळातलंच बनावट नाणं. अशा जुन्या खोट्यांचेही संग्राहक आहेत. म्हणून ते फेकलं नाही, पाकिटावर ‘खोटं’ असं ठळक लिहून वेगळं ठेवलं.

याच सुमारास एका नाण्यावर हिरवट चिकट थर सापडला. जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटातलं पीव्हीसी. त्याला शुद्ध अ‍ॅसिटोन लागतं, नखांच्या रंगासाठी मिळणारं सुगंधी द्रव नाही. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, गॅस-दिव्यापासून लांब. दहा मिनिटं बुडवून ठेवायचं, मग नव्या अ‍ॅसिटोनमध्ये विसळायचं. बोट किंवा कापूस फिरवायचा नाही. अ‍ॅसिटोन चांदीला काही करत नाही, काळिमाही जागच्या जागी राहतो. चांदी उजळवायची द्रावणं मात्र तोच काळिमा खातात आणि नाणं कायमचं निस्तेज करतात.

मार्चमध्ये ठशांचे प्रकार लावायचा प्रयत्न केला. अल ओव्हर्टन यांच्या क्रमांकांनी ही नाणी ओळखली जातात. ताऱ्यांची टोकं, सालातल्या आकड्यांमधलं अंतर, काट्यावरच्या अक्षरांची जागा यांवरून छाप्याचा आणि काट्याचा ठसा ठरवायचा. एकट्या १८२७ चेच चाळीसहून जास्त जोड आहेत. फार झिजलेल्या नाण्यात ताऱ्यांची टोकंच उरत नाहीत, त्यामुळे सहापैकी चारच खात्रीनं लागले. त्यातलं एकही दुर्मीळ नव्हतं. १८१५ चं तर स्वप्नही पाहू नये. ४७,१५० च पाडली होती आणि किंमत तशीच आहे. १८१६ चं शोधत बसू नका. जानेवारीत टांकसाळीला आग लागली आणि त्या सालाची चांदीची नाणी निघालीच नाहीत.

एप्रिलमध्ये कुठली नाणी पाठवायची ते ठरवलं. खरं सांगायचं तर ७५ डॉलरच्या नाण्याला श्रेणी लिहिलेली ५० डॉलरची सीलबंद डबी हा तोट्याचाच धंदा आहे. पण स्वतः लावलेली श्रेणी तज्ज्ञांच्या नजरेला उतरते का, हे एकदा तरी बघायचं होतं. ते शिकवणीचं शुल्क समजलो. पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी ही दुसरी कंपनी १९८७ पासून श्रेणी लावायचं हे काम करतात. त्यांपैकी एका कंपनीचं सभासदत्व घेतलं.

अर्ज ऑनलाइन भरायचा. प्रत्येक ओळीत साल, मूल्य, प्रकार आणि तुमच्या मते बाजारभाव. भाव फुगवला तर महागड्या वर्गात ढकलतात, कमी लिहिला तर विमा अपुरा पडतो. प्रत्येक नाणं मऊ पीव्हीसीविरहित पाकिटात, स्टेपल न मारता, ओळीचा क्रमांक लिहून. पाकिटं दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट, हलवलं तर आवाज यायला नको. सोबत छापील अर्जाची प्रत.

६ मे ला रजिस्टर्ड मेलने पाठवलं. पोस्टात पहिल्यांदा परत फिरावं लागलं, कारण खोक्याला चकचकीत प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावली होती. रजिस्टर्डला प्रत्येक जोडावर शिक्का मारतात आणि त्याची शाई प्लॅस्टिकवर टिकत नाही. पाण्यानं ओली करून लावायची तपकिरी कागदी पट्टी घ्या. पार्सल हातोहात सह्या होत जातं, म्हणून सावकाश जातं; १५ मे ला पोचलं. अर्ज त्यांच्या यंत्रणेत चढला ३० मे ला. त्यानंतर सहा आठवडे एकच ओळ : ‘प्रक्रिया सुरू’. दिवसातून तीनदा ते पान उघडण्यानं काही होत नाही, हे पंधरा दिवसांनी पटलं. १२ जुलैला श्रेणी दिसल्या, १९ ला पार्सल निघालं.

खर्च असा : सभासदत्व ६९, सहा नाणी प्रत्येकी ३० प्रमाणे १८०, हाताळणी १०, पाठवणी २९, परतीचं टपाल २८. एकूण ३१६ डॉलर, नाण्यामागे ५२ च्या वर.

निकाल. १८१२ : माझा अंदाज व्हेरी गुड-८, आलं व्हेरी गुड-१०. १८१७ : गुड-६, तेच आलं. १८२३ : फाइन-१२ म्हटलं होतं, फाइन-१५ मिळालं; इथे बक्कल जन्मतःच कच्चं होतं आणि बाकीची झीज कमी. १८३१ : व्हेरी फाइन-२० ची आशा होती, फाइन-१५ आलं. पुन्हा बघितल्यावर पटलं. रंगाच्या मोहात पडून भुवईवरचे केस आहेत असं मी धरून चाललो होतो, ते नाहीत. १८३६ : व्हेरी गुड-८, अंदाजाप्रमाणे. आणि १८२६ : अंक नाही, फक्त ‘डिटेल्स’ हा सदोष नाण्याचा शेरा आणि कारण ‘ग्रॅफिटी’, म्हणजे वर काहीतरी कोरलेलं.

हे शेवटचं लागलं. नाणं डझनभर वेळा भिंगाखाली घातलं होतं. पुन्हा लॅम्प अगदी आडवा करून, टेबलाशी जवळजवळ समांतर उजेडात फिरवलं तेव्हा दिसलं : देवीच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत, काळिम्याखाली, कुणीतरी टोकदार वस्तूनं कोरलेलं एक ‘जे’. कदाचित दीडशे वर्षांपूर्वीचं. ओरखड्यातही आता बाकी नाण्याइतकाच काळेपणा भरलाय, म्हणून वरून येणाऱ्या उजेडात तो मिसळून जातो. माझा लॅम्प नेहमी ४५ अंशांवर असायचा. आता प्रत्येक नाणं दोन कोनांतून बघतो, एकदा ४५ आणि एकदा जवळजवळ शून्य, आणि पूर्ण गोल फिरवून.

१८२७ चं घासलेलं नाणं पाठवलंच नव्हतं, त्याचा निकाल मला माहीत होता. ते लॅम्पशेजारी उघडंच ठेवलंय. नवं नाणं आलं की आधी त्याच्या रेषा बघतो आणि मग नव्याकडे वळतो. बाकीच्या डब्या सिलिका जेलची पुडी टाकलेल्या झाकणाच्या डब्यात आहेत. पुडी दर तीन महिन्यांनी बदलतो. लाकडी कपाटात ठेवू नका. काही लाकडांतून आणि रंगांतून निघणाऱ्या वाफांनी चांदी भराभर काळी पडते, आणि तो काळेपणा राखाडी न राहता डागाडागांचा होतो.

दुसऱ्या खेपेसाठी तीन जागा मोकळ्या आहेत. १८०८ चं एक अबाउट गुड-३ नजरेत आहे, काठ अक्षरांत मिसळलेला, साल मात्र चारही आकडे दिसणारं. त्याचे आडव्या उजेडातले फोटो मागवलेत.